यंत्रे कमी, सूर तेवढेच
घरातील संगीतयंत्रणेची आवराआवर आणि गृहस्थाचा परिग्रह

दिवाळी जवळ आली की व्यापारी घरात दोन आवराआवरी एकाच वेळी सुरू होतात. खाली दुकानात शिल्लक मालाची मोजदाद होते, जुन्या वह्या बांधून ठेवल्या जातात आणि नव्या वहीचे पूजन ठरते. वर घरात माळे उतरवले जातात, भांडी घासली जातात आणि वर्षभर नजरेआड राहिलेल्या वस्तू अंगणात येतात. पहिल्या आवराआवरीत हिशेब चोख असतो. कोणता माल किती दिवस पडून आहे, त्यात किती भांडवल अडकले आहे, हे बोटांवर सांगता येते. दुसरीत मात्र हिशेब फारसा कोणी मांडत नाही. वस्तू पुसली जाते आणि पुन्हा जागेवर जाते.

कवठे महांकाळसारख्या तालुक्याच्या गावातील, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशा एखाद्या घराचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात लाकडी मांडणी आहे. तिच्यावर तबकड्या वाजवण्याचे टर्नटेबल, त्याखाली ॲम्प्लिफायर, मग दोन कॅसेटींचा डेक, सीडी प्लेअर, एफएम ट्यूनर, टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स आणि दोन्ही बाजूंना कमरेएवढे स्पीकर. मागे वायरींचे जाळे आणि एका बोर्डावर सहा प्लग. हे सारे आजोबांनी आणि नंतर काकांनी एकेक करून हौसेने जमवलेले. आज ते कोण वाजवते, असा प्रश्न केला तर घरात शांतता पसरते. मुले मोबाइलवर ऐकतात. सुनेला कोणते बटण आधी दाबायचे ते ठाऊक नाही. आणि ज्या आजींना पहाटे स्तवन ऐकण्याची पन्नास वर्षांची सवय, त्या कोणाला तरी हाक मारावी लागते म्हणून ऐकतच नाहीत.

यंत्रे बिघडली म्हणून हे घर मुके झालेले नाही. ती फार झाली, एवढेच कारण आहे. अशा घरांसाठी अलीकडे एक मार्ग सुलभ झाला आहे. वेगवेगळ्या यंत्रांची कामे एकाच यंत्रात सामावून घ्यायची आणि त्याला फक्त दोन स्पीकर जोडायचे. हा मार्ग कोणाला सोयीचा, कोणाला नाही, आणि खरेदीपूर्वी कोणती कामे उरकावीत, याचा विचार व्यापाऱ्याच्या रोखठोक पद्धतीने करणे इष्ट ठरेल.

ऐकण्याची परंपरा असलेला मुलूख

हा परिसर पर्जन्यछायेतला असला तरी सुरांच्या बाबतीत कोरडा कधीच नव्हता. मिरज-पंढरपूर मार्गावरील कवठे महांकाळ स्थानकातून पूर्वी बार्शी लाइट रेल्वेची अरुंद मापाची गाडी जात असे, आणि त्या मार्गाचे एक टोक असलेले मिरज हे संगीताचे माहेरघर. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ तेथे स्थायिक झाले. मिरजेत घडणारे सतार-तंबोरे देशभर जातात आणि २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. सांगलीत मास्टर दीनानाथ मंगेशकरांचे वास्तव्य होते; लता मंगेशकरांचे बालपण त्या गावात गेले. १९६३ मध्ये सांगलीला आकाशवाणी केंद्र सुरू झाले आणि शेतीच्या सल्ल्यापासून भक्तिगीतांपर्यंत सारे काही आसपासच्या तालुक्यांतील घरांत पोहोचू लागले. घरातील संगीतयंत्राकडे म्हणूनच या भागात केवळ चैनीची वस्तू म्हणून पाहिले गेले नाही. ते घराच्या दिनक्रमाचा भाग होते.

भारतातील ध्वनिमुद्रणाची सुरुवात १९०२ ची. त्या वर्षी कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे तबकडीवर मुद्रित झाले. त्या काळातील मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे. जैन वाचकांना ठाऊक असावी अशी एक गोष्ट या तबकड्यांशी निगडित आहे. त्या लाखेपासून केल्या जात. लाख हा कीटकांपासून मिळणारा पदार्थ, आणि श्वेतांबर परंपरेत श्रावकाने वर्ज्य करावयाच्या १५ कर्मादानांत लाक्षावाणिज्याची गणना आहे. १९४८ मध्ये ३३⅓ फेऱ्यांची दीर्घ मुद्रणाची तबकडी, म्हणजे एलपी, आली. ती विनाइल या प्लास्टिकची असल्याने लाखेचे कारण उरले नाही आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे ऐकता येऊ लागले.

१९६३ मध्ये कॅसेट आली आणि श्रवणाचे स्वरूपच पालटले. तबकडी फक्त ऐकता येत होती. कॅसेटवर घरच्या घरी मुद्रणही करता येऊ लागले. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची. सामायिकाचा काळ ४८ मिनिटांचा, म्हणजे एक मुहूर्त. या तीन मिनिटांच्या फरकाची मौज अनेक घरांनी अनुभवली असेल. अर्थात सामायिकात बसल्यावर विजेचे साधन चालवणे अनेक घरांत वर्ज्य मानले जाते, त्यामुळे कॅसेटचा खरा उपयोग पाठ शिकण्यासाठी आणि एरवीच्या श्रवणासाठी झाला. १९८२ मध्ये सीडी आली, नंतर मोबाइल आणि इंटरनेटवरील गाणे. प्रत्येक पिढीने नवे यंत्र आणले, जुने मात्र हलवले नाही. मांडणी भरत गेली ती अशी.

एक यंत्र ही कल्पना नवी नाही

सर्व काही एकाच यंत्रात ही कल्पना वडीलधाऱ्यांना परकी वाटणार नाही. रेडिओ आणि तबकडीवादक एकाच लाकडी कपाटात बसवलेला रेडिओग्राम ही पूर्वी प्रतिष्ठित घराची खूण होती. १९७०-८० च्या दशकांत उच्च प्रतीच्या ध्वनीची हौस वाढली तेव्हा सुटे भाग घेण्याची रीत रुजली. कलकत्त्याच्या सोनोडाइनसारख्या देशी उत्पादकांनी ती मध्यमवर्गापर्यंत आणली. सुट्या भागांमागे सबळ कारण होते. तबकडीवरून येणारा संकेत काही मिलिव्होल्टचाच असतो, तर शक्तिशाली ॲम्प्लिफायरचे ट्रान्सफॉर्मर आणि तापणारे भाग त्यात घरघर मिसळू शकतात. दोन्ही वेगळ्या डब्यांत ठेवली की आवाज स्वच्छ राहतो.

आज ते कारण बरेच क्षीण झाले आहे. नव्या ॲम्प्लिफायरपैकी पुष्कळ ‘क्लास डी’ पद्धतीचे असतात. त्यांत विजेचा फार मोठा भाग स्पीकरपर्यंत पोहोचतो आणि थोडाच उष्णतेत वाया जातो. साहजिकच मोठे धातूचे पंखे आणि जड ट्रान्सफॉर्मर लागत नाहीत. गाणे अंकांच्या रूपात येत असल्याने त्या अंकांचे ध्वनिलहरींत रूपांतर करणारा भाग, ज्याला ‘डॅक’ म्हणतात, तो बोटाच्या पेराएवढ्या चिपमध्ये मावतो. इंटरनेटवरून गाणे आणणारा भाग, रेडिओ, टीव्हीची जोडणी, पेन ड्राइव्हची जागा आणि ॲम्प्लिफायर हे सारे एका जाडजूड वहीएवढ्या डब्यात बसते. मांडणीवरील पाच-सहा यंत्रांच्या जागी एक यंत्र, दोन स्पीकर आणि हवे तर टर्नटेबल, एवढेच उरते.

आधी मोजदाद, मग खरेदी

कोणताही जाणता व्यापारी शिल्लक मोजल्याशिवाय नवा माल भरत नाही. येथेही पहिले काम दुकानात जाण्याचे नाही. घरात एक कागद घ्यावा आणि त्यावर तीन रकाने पाडावेत.

पहिल्या रकान्यात गेल्या वर्षभरात प्रत्यक्ष काय ऐकले गेले ते लिहावे. दुसऱ्यात, जे ऐकायचे आहे पण यंत्राच्या कटकटीमुळे राहून गेले ते. तिसऱ्यात, जे कोठेच मिळणार नाही असे मुद्रण. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा. चित्रपटगीते आणि नाट्यगीते आज अन्यत्र मिळू शकतात. परंतु एखाद्या कॅसेटवर दिवंगत आजोबांनी म्हटलेला पाठ, पर्युषणात घरच्या स्त्रियांनी मिळून गायलेली स्तवने, लग्नातील मंगलाष्टके किंवा एखादे प्रवचन असेल, तर जगात त्याची तेवढी एकच प्रत असते. काही परंपरांत साधू-साध्वी ध्वनिवर्धक आणि मुद्रण स्वीकारत नाहीत; म्हणून प्रवचनाच्या प्रती इतरांना वाटण्यापूर्वी संघातील जाणत्यांना विचारून घेणे उचित.

चुंबकीय फीत कायमची नसते. दमट हवेत तिला बुरशी येते, आवाज क्षीण होतो, डेकचा रबरी पट्टा सैल पडून गती बदलते आणि कधी फीत यंत्रात गुंडाळली जाते. म्हणून जुना डेक काढून टाकण्यापूर्वी त्याच्याकडून शेवटचे आणि सर्वांत मोलाचे काम करून घ्यावे. कॅसेटींतील ध्वनी संगणकात उतरवून घ्यावा. डेकचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे, कॅसेट एकदा पुढे-मागे फिरवून सैल करावी आणि साध्या यूएसबी ध्वनिजोडणीने मुद्रण करावे.

हिशेबही अवघड नाही. सीडीच्या दर्जाचे एक तासाचे स्टिरिओ मुद्रण सुमारे ६३५ मेगाबाइट जागा घेते. घरात ६० मिनिटांच्या २०० कॅसेटी असतील तर सुमारे १२७ गिगाबाइट. एफएलएसी नावाच्या पद्धतीने साठवले तर आवाजात काहीही न गमावता ही जागा साधारण निम्म्यावर येते. म्हणजे आयुष्यभराचा संग्रह अंगठ्याएवढ्या पेन ड्राइव्हवर मावतो. वेळ मात्र पूर्ण द्यावा लागतो, कारण तासाची कॅसेट तासभर वाजवावीच लागते. रोज एक कॅसेट घेतली तर एका चातुर्मासात सव्वाशेच्या आसपास कॅसेटी उतरतात. हे काम घरातील महाविद्यालयीन मुलांकडे सोपवावे आणि शेजारी आजींना बसवावे. आवाज कोणाचा, वर्ष कोणते, प्रसंग कोणता, हे त्याच सांगू शकतात. आणि ती माहिती कॅसेटच्या वेष्टनावर बहुधा नसते. तयार झालेल्या मुद्रणाच्या तीन प्रती कराव्यात. एक यंत्राजवळ, एक संगणकात आणि एक दुसऱ्या गावातील नातलगाकडे. हुंडीच्या नकला जपणाऱ्या समाजाला या सावधगिरीचे महत्त्व वेगळे सांगावे लागू नये.

निवड करताना

एकत्रित यंत्रे काही दहा हजारांपासून अनेक लाखांपर्यंत मिळतात. किमतीपेक्षा पुढील बाबी तपासणे अधिक लाभाचे.

तबकड्या ऐकायच्या असतील तर यंत्रावर ‘फोनो’ असे लिहिलेली जागा आहे का ते पाहावे. टर्नटेबलचा संकेत क्षीण असतो, शिवाय तबकडी कोरताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि तार स्वर उचललेला असतो. ‘फोनो’ भाग ते पुन्हा समतोल करतो. तो नसेल तर वेगळा छोटा फोनो प्रीॲम्प्लिफायर घ्यावा लागतो. साध्या जागेत टर्नटेबल जोडले तर गाणे दुरून, पातळ ऐकू येते आणि दोष यंत्राला दिला जातो.

जुने स्पीकर सुस्थितीत असतील तर ते बदलण्याची घाई नको. त्यांच्या मागे लिहिलेला ओहमचा आकडा, ४ किंवा ८, नव्या यंत्राला चालतो का एवढे पाहावे. स्पीकरच्या पडद्याभोवतीची फोमची कड झिजून तुटली असेल तर तेवढीच बदलून मिळते. वॅटच्या मोठ्या आकड्यांना भुलू नये. शक्ती दुप्पट केली तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. बारा-पंधरा फुटांच्या दिवाणखान्यात नेहमीच्या ऐकण्याला मोजकेच वॅट लागतात. निवासी भागासाठी ध्वनिप्रदूषण नियमांनी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, हेही लक्षात असावे. शेजाऱ्याची झोप मोडून ऐकलेले स्तवन कोणत्या खाती जमा होईल, हे सांगायला नको.

तालुक्याच्या गावात इंटरनेट कधी जाते, वीज कधी कमी-जास्त होते. म्हणून पेन ड्राइव्हवरून किंवा घरातील साठ्यावरून, इंटरनेटशिवाय वाजणारे यंत्रच निवडावे. सर्ज रोखणारा बोर्ड वापरावा. टीव्ही जवळ असेल तर एचडीएमआय एआरसी जोडणी घ्यावी. टीव्हीचा आवाजही त्याच स्पीकरमधून येतो आणि एका रिमोटवर भागते.

सर्वांत मोठी कसोटी मात्र तांत्रिक नाही. यंत्राला हाताने फिरवायचे बटण आहे का? मोबाइल हाती न घेता ते सुरू होते का? ठरावीक स्तवनसंग्रह किंवा आकाशवाणी एका कळीवर ठेवता येते का? दुकानात यंत्र पाहायला जाताना मुलांऐवजी आजींना न्यावे आणि रिमोट त्यांच्या हाती द्यावा. त्यांना दोन मिनिटांत जमले तर यंत्र योग्य, अन्यथा किंमत कितीही रास्त असली तरी ते त्या घराचे नव्हे.

दुसरी बाजू

एकत्रित यंत्राचे तोटे लपवून चालणार नाही. सुट्या भागांत एक बिघडला तर बाकीचे चालतात. येथे एक भाग गेला की सारे घर मुके होते आणि संपूर्ण डबा दुरुस्तीला जातो. सांगली-मिरजेपर्यंत दुरुस्तीची सोय आहे का, हे खरेदीपूर्वीच विचारावे. दुसरे असे की ॲम्प्लिफायर तीस वर्षे चालतो, पण इंटरनेटवरून गाणे आणणारी आज्ञावली काही वर्षांत जुनी होते. अशा वेळी बाहेरून दुसरे छोटे साधन जोडता यावे म्हणून यंत्राला किमान एक साधी ‘लाइन-इन’ जागा असणे आवश्यक आहे. ती असली की अंतर्गत इंटरनेट-भाग निकामी झाला तरी बाकीचे यंत्र ॲम्प्लिफायर म्हणून उपयोगी पडते.

शिवाय ज्या घरात सुटे भाग अजून नित्य वापरात आहेत, कोणीतरी ते प्रेमाने सांभाळते आणि इतरांनाही ते वाजवता येतात, त्या घराला हा बदल करण्याचे काहीच कारण नाही.

परिग्रहाचा प्रश्न

येथे एक शंका रास्त आहे. वस्तू कमी करण्यासाठी आणखी एक वस्तू विकत घेणे, हे अपरिग्रहाचे पाऊल कसे? नवे यंत्र आले आणि जुनी सहा माळ्यावर गेली, तर परिग्रह सहाचा सात झाला. सुलभतेच्या नावाने होणाऱ्या बहुतेक खरेदीचा शेवट असाच होतो.

गृहस्थासाठी शास्त्रकारांनी सर्वसंगपरित्याग सांगितलेला नाही. परिग्रह-परिमाण सांगितले आहे. म्हणजे मर्यादा स्वतः ठरवायची आणि ती पाळायची. बाह्य परिग्रहाच्या नऊ प्रकारांत धन, धान्य, क्षेत्र यांच्या पंक्तीला ‘कुप्य’ आहे. घरातील भांडीकुंडी आणि सामानसुमान त्यात येते, आणि दिवाणखान्यातील ही मांडणीही त्यातलीच. तत्त्वार्थसूत्रकारांनी परिग्रहाचे लक्षण मूर्च्छा, म्हणजे आसक्ती, असे केले आहे. या दृष्टीने पाहिले तर वापरात असलेल्या यंत्रापेक्षा न वापरता धरून ठेवलेले यंत्र हाच अधिक मोठा परिग्रह ठरतो. त्याचा उपयोग नाही, आनंद नाही. फक्त ते आपले आहे ही भावना आहे.

म्हणून नियम साधा असावा. नवे यंत्र घरात येण्याच्या दिवशीच, ज्यांची जागा ते घेते ती घराबाहेर जावीत. चालू स्थितीतील ॲम्प्लिफायर आणि डेक यांना आजही हौशी ग्राहक मिळतात. शाळा, वसतिगृह किंवा वाचनालय यांना विचारून, त्यांना खरोखर हवे असेल तर द्यावे. आपली अडगळ दुसऱ्याच्या माळ्यावर टाकणे हे दान नव्हे. तबकड्यांपैकी ज्या ऐकल्या जाणार नाहीत त्या संग्राहकाकडे जाव्यात. पूर्ण निकामी यंत्रे भंगारात फेकू नयेत. त्यांच्या जोडकामात शिसे असते. ती उघड्यावर जाळली की विष हवेत आणि मातीत जाते, आणि तेथील सूक्ष्म जीवांपासून माणसापर्यंत सर्वांना भोगावे लागते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रांची व्यवस्था आहे. सांगलीला जाणाऱ्या मालाच्या गाडीत एक खोके जास्त ठेवले की हे काम होते.

वडिलांची एखादी वस्तू काढताना जीव अडतो, हे खरे. आजोबांच्या टर्नटेबलला हात लावू नये असे वाटत असेल तर ते ठेवावे, पुसून दिवाणखान्यात ठेवावे आणि महिन्यातून एकदा तरी लावावे. पण त्यांची स्मृती यंत्रांच्या ढिगात आहे असे मानू नये. त्यांची स्मृती त्यांच्या आवाजात आहे, आणि तो आवाज त्या ढिगाखाली, एका न उतरवलेल्या कॅसेटीत विरत चालला आहे.

पुन्हा त्या घराकडे वळावे. मांडणीवर आता एक डबा आहे, दोन्ही बाजूंना तेच जुने स्पीकर. बोर्डावर सहाऐवजी दोन प्लग. पहाटे आजी उठतात, देवपूजा आटोपून दिवाणखान्यात येतात आणि कोणालाही हाक न मारता एक कळ दाबतात. चाळीस वर्षांपूर्वी घरच्याच मंडळींनी म्हटलेले स्तवन सुरू होते. खाली दुकानाचे शटर उघडण्याच्या आत घराला आपला आवाज परत मिळालेला असतो. यंदाच्या शिलकेत जमेच्या बाजूला मांडावी अशी ही रक्कम आहे.